प्रवासी की बिऱ्हाड

प्रति,
मा. उद्यान आयुक्त,
नगर सभा, क्लोव्हर बेंड, कॅन्सस.

विषय : नगर उद्यानातील मोटार छावणीतून माझ्या बाळंतीण बायकोस न हलवण्याबाबत.
संदर्भ : छावणीचे रखवालदार श्री. ग्रिम्स यांचा आज सकाळचा तोंडी हुकूम.

महोदय,

१. मी, ओरिन टॅकेट, पत्नी एफीसह आर्कान्सासहून कोलोरॅडोत फळांच्या तोडणीला फोर्ड गाडीने निघालो आहे. गावाच्या वेशीवर आपलाच फलक आहे : 'मोटार प्रवाशांनो, या, उद्यान तुमचेच आहे.' तो वाचून आम्ही आत आलो. कोणाच्या परसात घुसलो नाही.

२. आज सकाळी श्री. ग्रिम्स यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. मागे बांधलेले धुण्याचे घमेले आणि कोंबड्यांचा खुराडा पाहून ते म्हणाले, "हे बघ टॅकेट, प्रवासी कोंबड्या घेऊन हिंडत नाही. तू प्रवासी नाहीस, तू बिऱ्हाड आहेस. छावणी बिऱ्हाडांसाठी नाही." शेजारी ओहायोचे प्रुइट कुटुंब उतरले आहे. तंबू तसाच, नळ तोच, शिवाय रात्रंदिवस ग्रामोफोन. ते मात्र प्रवासी, कारण त्यांचे घर मागे शाबूत आहे. आमचे असते तर आम्ही कशाला झक मारायला कोंबड्या घेऊन निघालो असतो?

३. परवा एफीला दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या. छावणीतल्या बायकांनी घोंगड्यांचा आडोसा धरला, सौ. प्रुइट यांनी आपली घडीची खाट दिली. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. मुलगी झाली. एफीला अजून रक्त जाते आहे, अंगात ताप आहे. काल तंबूत येऊन गेलेल्या डॉक्टरांनी तिला गाडीने पुढे नेऊ नका असे बजावले आहे.

४. यावर श्री. ग्रिम्स म्हणतात, "पोरगी इथं जन्मली, म्हणजे ती गावकरी झाली. गावकऱ्यांना छावणीत मुक्कामाची बंदी आहे. उद्या दुपारी गाडी हलव, नाहीतर शेरीफ ओढून नेतील." मी तसाच गावच्या इस्पितळात धावलो. तिथल्या कारकुनाने मान वर न करता सांगितले, "खाटा गावकऱ्यांसाठी आहेत. तुम्ही प्रवासी. प्रवाशांसाठी छावणी आहे की." म्हणजे छावणीत आम्ही बिऱ्हाड, इस्पितळात प्रवासी, आणि दोन दिवसांची पोर तेवढी गावकरी. महोदय, ही थट्टा माझ्या बायकोच्या जिवावर चालली आहे, आणि मला त्याचा भयंकर संताप आला आहे.

५. आम्हाला काय म्हणायचे ते आपण म्हणा. बिऱ्हाड म्हणा, भटके म्हणा, मी वाद घालणार नाही. पण एफी उठून बसेपर्यंत छावणीत ठेवा, नाहीतर इस्पितळात खाट द्या, आणि ते आजच लेखी कळवा. दोन्ही जमत नसेल तर उद्या दुपारी आपण स्वतः यावे, तिला खाटेवरून उचलावे आणि आपल्या हाताने गाडीत घालावे. ते काम मी करणार नाही, आणि श्री. ग्रिम्स यांना करू देणार नाही.

आज संध्याकाळपर्यंत तरी आपला नम्र,
ओरिन टॅकेट
नगर उद्यान, नळाजवळचा तंबू
दि. २७ ऑगस्ट १९२३

सोबत : डॉक्टरांची चिठ्ठी.