घरटी एक माणूस

७ जानेवारी १९९६, रविवार
कराव्याला. लोक सुट्टीला माथेरान-महाबळेश्वर करतात, आम्ही सानपाड्याहून स्कूटरवर पंधरा मिनिटं. जनाबाईंच्या पुढच्या दोन खोल्या, ओटी, मागे खाडी. चौघा मित्रांनी भाड्याने घेऊन दुसरं वर्ष. जेवायला कोलंबी. सलीमने नारळ जास्त घातला, त्यावरून भांडलो. नऊ वर्षं एका घरात राहतोय, अजून माझ्या हाताखाली शिकायला तयार नाही. तो रायगडातला कोकणी, मी कऱ्हाडचा, हा वाद मरेपर्यंत पुरेल. सोसायटीत स. माझा पेइंग गेस्ट. इथे ओटीवर आडवा पडला की नुसता सलीम.
प्रकाश दुपारभर घोरला. टेलिफोन एक्स्चेंजची नाइट होती. शैला दहावीच्या प्रिलिमचे पेपर घेऊन आली होती, प्रत्येक पोराला शिव्या देत तपासले. निघताना प्र.चा टॉवेल खुंटीवरच. "घे की रे, वास मारेल." "राहू दे, परत यायचंच आहे."

२८ जाने.
प्र. काल समुद्राकाठच्या एका बंगल्यावर पुरुषांच्या पार्टीला जाऊन आला. कोणीतरी ओळखीने बोलावलं होतं. सगळे आपल्यासारखेच, म्हणून हौसेने नवा शर्ट घालून गेला. गोरे पाहुणे, इंग्रजी, वाईन. पाच मिनिटांत एकाने त्याच्या हातात रिकामा ग्लास दिला, बर्फ आण म्हणाला. प्र. रंगाने काळा, पायात साध्या चपला, त्यांना वाटलं नोकर.
"मग?"
"मग काय, आणला. दुसऱ्यानेही मागितला."
हसत सांगत होता. शैला उठून आत गेली, डोळे पुसून आली. मला संताप आला, आणि सगळ्यात जास्त प्र.चाच. ग्लास तिथेच आपटायचा ना, गाढवा! स.ने त्याच्या ताटात आणखी एक बोंबील वाढला.

११ फेब्रुवारी
दिलीप आला होता. जनाबाईंचा मुलगा, बेलापूरला राहतो, घर त्याच्या नावावर. चहा घेतला नाही तेव्हाच कळलं. एप्रिलअखेर करार संपतोय, पुढे फॅमिलीलाच देणार. "तुमच्याबद्दल तक्रार नाही काका, पण गावात राहायचं तर फॅमिली पाहिजे." तो गेल्यावर जनाबाई मासे निवडता निवडता म्हणाल्या, "माजी काय हरकत नाय. पन लोका इचारतान, ह्या बाप्यांची बायका-पोरा कय हान? मी काय सांगू?"
काय सांगणार त्या.
रात्री डाळ खारट झाली. माझ्याकडून.

१८ फेब्रु.
शैलाने तोडगा काढला. "मी मंगळसूत्र घालते. दिलीपला सांग, ही बायको. प्रकाश माझा भाऊ. माझं काय जातंय?" सोपं आहे. तिच्यामागची घरच्यांची कटकटही मिटेल. प्र. म्हणाला झकास.
मी विचारलं, "आणि सलीम?"
स. म्हणाला, "मी पाहुणा. अधूनमधून येईन." अगदी सहज म्हणाला. नऊ वर्षं सोसायटीत तेच ऐकतो, आता इथेही तेच?
ठरलं काहीच नाही.

१० मार्च
जनाबाईंनी निरोप दिला. देवीच्या जत्रेच्या आधी गावचं तळं साफ करायचं, गावकीने सांगितलंय, घरटी एक माणूस. दिलीप येणार नाही. "तुमच्यातलंच कोनतरी जा. घरान ऱ्हातं त्यानं जायचं."
मला एकदम उत्साह. एक कशाला, चौघंही जाऊ. गावाला दिसू दे, ही माणसं कामाची आहेत. स. म्हणाला, एक म्हणाल्या ना त्या? म्हटलं, जास्त गेल्याने कोणी नाराज होत नाही.

२२ मार्च
वाशीहून गमबूट आणले. काळे, गुडघ्यापर्यंत. ऑफिसात घालून बघितले, शिपाई हसला.

२४ मार्च, रविवार
नीट लिहायला हवं.
सातला तळ्यावर. चाळीसेक माणसं, बहुतेक लंगोट्या, हाफपँट. गमबूट फक्त मला. शैला पंजाबी ड्रेसमध्ये टोपली घेऊन. आम्ही चौघं रांगेत उभे, शाळेच्या कवायतीसारखे. नामदेवबुवा आले, गावकीतले सगळ्यात म्हातारे.
"कंच्या घरची?"
"जनाबाईंच्या."
"चौगं?"
"हो," मी छाती काढून.
बुवा हसले नाहीत. "चुली किती तुमच्या?"
हेच विचारतील असं वाटलं नव्हतं. आजूबाजूची फावडी थांबली. दोन म्हटलं असतं तर शैलाचा तोडगा आपोआप लागू झाला असता, मी आणि बायको एक घर, बाकीचे वेगळे. शैला माझ्याकडे बघत होती. सलीम चिखलाकडे.
"एक," म्हणालो. "चौघांची एकच चूल."
"आनि ह्या बाय?"
"त्याच चुलीवरची. कुणाची बायको नाही." हे कसं तोंडातून निघालं माहीत नाही.
बुवा म्हणाले, "यक चूल तर यक मानूस. बाकीची काठाव बसा. कोनाच्या घरान धा जना हान, त्यांनी धा आनली तर गरिबानं काय करायचं? जास्त मानसा आनली म्हनून घर मोठं होत नाय."
पार पोपट झाला. पण बरोबर होतं त्यांचं, मला मुळात ते कळलंच नव्हतं.
मी बूट सावरेपर्यंत स. पँट दुमडून पाण्यात. कोणीतरी नाव विचारलं. "सलीम." देवीचं तळं. आता हाकलतात की काय, वाटलं. बुवांनी विचारलं, "पवता येतं का?" "येतं, खाडीवरचाच आहे." "मंग मधी जा, तिकडं खोल हाय."
झालं. एवढंच.
दुपारपर्यंत तो जलपर्णी ओढत होता, आम्ही तिघं काठावर बसून भजी खात होतो. लाज वाटत होती आणि मजाही येत होती. घरी येऊन त्याची पाठ चोळून दिली. म्हणाला, "एक म्हणालास." म्हटलं, मग काय म्हणायचं होतं? पाठमोरा होता, पण रडत होता, कळलं मला.

७ एप्रिल
जत्रा झाली. जनाबाईंनी चौघांना जेवायला बसवलं. दिलीपही होता. त्याला बाजूला घेऊन घराचं विचारलं. "गावाचं गाव बघेल काका, घर माझं आहे. गिऱ्हाईक आलंय, नवरा-बायको, एक मुलगी." त्याचंही चूक म्हणता येत नाही, तरी दोन दिवस मनात त्याला शिव्या देतोय.
लिहून टाकतो. हे घर जाईल याची मला भीती वाटते. सानपाड्याचा फ्लॅट माझ्या नावावर आहे, तो जाण्याची कधी वाटली नाही.

२१ एप्रिल, रविवार
आवराआवर. ऑफिसातून खोकी आणली. भांडी, शैलाच्या लाल शाईच्या बाटल्या, गमबूट. प्र. टॉवेल काढून हातात धरून नुसता उभा. स.ने रेडिओ लावला, मी बंद केला.
दहाच्या सुमारास गावकीचा माणूस आला. जनाबाई मागे सोडे वाळत घालत होत्या, तो तिकडे गेलाच नाही. आमच्या ओटीसमोर उभा राहिला. "मे महिन्यान शेवटचा रविवार, पावसाच्या आदी नाला काढायचा. घरटी यक मानूस. तुमच्यातलं कोन?"
करार तीस एप्रिलपर्यंत. सलीमने माझ्याकडे बघितलं.
"प्रकाश," म्हणालो. "मागच्या वेळी सलीम होता."
"बरं," म्हणून तो शेजारच्या दाराशी गेला, तिथेही तेच विचारलं.
प्र. ओरडला, "मला का? माझ्याकडे बूटही नाहीत!" मी खोकं उघडून माझे गमबूट काढले, त्याच्यासाठी दाराआड ठेवले. त्याने टॉवेल परत खुंटीला लावला.
दिलीप तीस तारखेला किल्ली घ्यायला येणार आहे.