वैजूचे ऐंशीपैकी एकोणीस

रिठद,
सोमवार, दुपारचे दोन

एका बाकावरचा माझा सोबती, सेवानिवृत्त विज्ञान शिक्षक गोपीचंद यास उकंडरावाचा मनापासून नमस्कार.

टक् टाक् टाक्. टक् टाक् टाक्. आठवते का तुला? वानखडे गुरुजींच्या बोटातली तांब्याची अंगठी टेबलावर ठोकलेल्या पत्र्यावर वाजायची, एक ठोका हलका आणि दोन जड, आणि आपण साठ पोरं आढ्यावरची कबुतरं उडेपर्यंत भुजंगप्रयात म्हणायचो. साठ वर्षं झाली, पण आज सकाळपासून तोच आवाज कानात आहे. (माझे कान अजून शाबूत आहेत, म्हणून निदान आत तरी काही वाजते.)

तुझी तब्येत कशी आहे? गुडघा वाकतो का? कानातलं मशीन तू डबीतच ठेवतोस आणि डबी कपाटात, असं सूनबाईंनी कळवलं. म्हणूनच फोन न करता पत्र लिहितो. मागच्या खेपेला मी फोनवर अर्धा तास सुखदुःख सांगितलं आणि शेवटी तू विचारलंस, “कोण बोलून राह्यलं?” इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. खरं काय ते खाली येतंच आहे.

तर माझी नात वैजयंती. वाशीमच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, रोज बसनं जाते-येते, हे तुला ठाऊकच आहे. गेल्या मंगळवारी निकाल लागला. बाकीचे सगळे विषय निघाले आणि भौतिक रसायनशास्त्रात पडले ऐंशीपैकी एकोणीस. पास व्हायला बत्तीस लागतात. पोरगी रडली नाही, भांडली नाही. तिनं सगळी पुस्तकं युरियाच्या रिकाम्या पोत्यात भरली, तोंड सुतळीनं शिवलं, पोतं माळ्यावर टाकलं आणि दुसऱ्या दिवसापासून विळा घेऊन हरभरा सोंगायला वावरात जाऊ लागली. हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबट आंबेनं तिची बोटं सोलून निघाली आहेत. मी विचारलं तर म्हणते, “आबाजी, माह्या डोक्यातच बसत नाही केमिस्ट्री. नसते एखाद्याच्या डोक्यात.” फेरपरीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख येत्या शुक्रवारची. ती म्हणते भरणार नाही, पुढच्या वर्षी आर्ट्सला जाते. आता आर्ट्सबद्दल माझ्या मनात आकस असेल का? मी तर कवितेवरच जगलो. पण माणसानं तिकडे आपल्या पायानं, आवडीनं जावं. मागे कुत्रं लागलं म्हणून समोर दिसेल त्या अंगणात शिरल्यासारखं जाऊ नये. आणि ही पोरगी लहानपणी बॅटरीचे मेलेले सेल दगडानं फोडून आतली काळी कांडी काढून भिंतीवर लिहायची. तिच्या डोक्यात रसायन नाही तर कोणाच्या डोक्यात आहे?

म्हणून मी त्याच दिवशी ओसरीत उभा राहून जाहीर केलं की हा निकाल मला मान्य नाही. प्रयागबाई (तुझी वहिनी) तुरीची डाळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, “तुमी कायले एवढे चिडून राह्यले? मार्क तिले कमी पडले, तुमाले नाही.” तिला या गोष्टीतलं गांभीर्य कळत नाही.

गावाला मात्र जरा जास्तच कळलं. बुधवारी सकाळी शेजारची लिलाबाई आली, उंबऱ्यावर टेकली, चहाला नको म्हणाली आणि पदर तोंडाशी धरून हळूच विचारलं, “किती होते?” मी म्हटलं एकोणीस. तर उसासा टाकून म्हणते कशी, “लई गुणाची होती वो पोरगी.” मी सांगितलं की पोरगी जित्ती हाये, वावरात हाये, आणि तिनं आताच दोन भाकरी खाल्ल्या. तरी जाताना ती प्रयागबाईच्या पाठीवरून हात फिरवून गेलीच. त्यानंतर दोन दिवस माणसं येत राहिली. एकानं तर मला ओसरीतल्या खाटेवरून उठवून खाली सतरंजीवर बसवलं.

मग मी गुरुवारी वाशीमला गेलो. लग्नातला कोट घातला, चार पानी निषेध खिशात घेतला आणि वैजूच्या रसायनाच्या सरांना गाठायला निघालो. या सरांचं नाव बादल. विचार कर, आईबापांनी एवढं काव्यमय नाव ठेवलं आणि माणूस निघाला रसायनशास्त्राचा, आणि तेही कोरडं. ते वर्गात शिकवत होते म्हणून मी मागच्या बाकावर जाऊन बसलो, तास संपला की धरायचं या विचारानं. पण गोपीचंद, तुला खरं सांगतो, तो माणूस फळ्यावर लिहिताना एक पाय आपटतो. लिहितो, आपटतो, लिहितो, आपटतो. माझी मान आपोआप डोलायला लागली. (तीस वर्षं बसस्टँडवर गाड्या चालीत पुकारलेला माणूस मी, ताल आला की मान ऐकत नाही.) चाळीस मिनिटं कशी गेली कळलं नाही. शेवटी त्यांनी थेट माझ्याकडे पाहून विचारलं, “आबाजी, काही शंका?” आणि मी, चार पानी निषेध खिशात असलेला मी, उभा राहून म्हणालो, “नाही सर.” सगळा वर्ग हसला. मी तोंडानं निषेधाचा एक शब्द बोललो नाही हे खरं, पण दारातून निघताना मी ज्या नजरेनं त्यांच्याकडे पाहिलं ती त्यांना चांगलीच झोंबली असणार. परतीच्या बसमध्ये मी तो निषेध खिडकीशी बसलेल्या एका गृहस्थांना वाचून दाखवला. ते पूर्ण सहमत होते. त्यांचा हळदीचा व्यापार आहे.

आता कोणी म्हणेल की घरचे कमी पडले असतील. तर अभ्यासात मी काहीही कमी केलं नाही. दिवाळीपासून मी तिच्या पुस्तकातलं एकेक सूत्र घेऊन भुजंगप्रयातात बांधत होतो. एकूण एकशे बेचाळीस ओळी झाल्या. आपण नाही का, अजून झोपेत विचारलं तरी पाचवीतली कविता धडाधडा म्हणतो? आणि पाचवीतलं गणित? वृत्तात बांधलं की माणूस मरेपर्यंत विसरत नाही, हे तुम्हा विज्ञानवाल्यांना कधी सुचलंच नाही. वैजू बसमध्ये ओळी म्हणत जायची, तर कंडक्टरलासुद्धा दहा-बारा पाठ झाल्या. अशी तयारी असलेल्या मुलीला एकोणीस मार्क देणारा परीक्षक एक तर उपाशी असला पाहिजे किंवा त्याचं घरी भांडण झालेलं असलं पाहिजे. तिसरं कारण मला दिसत नाही. मी उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवली आहे. ती येऊ दे, मग पाहा त्याच्या एकेक चुकीवर मी कसा बोट ठेवतो ते.

तुझ्याकडे मागणं एवढंच की तू बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलंस, तेव्हा तुझ्या सहीनिशी एक तज्ज्ञ मत लिहून दे की पेपर अन्यायकारक होता. पेपर तू पाहिलेला नाहीस ही अडचण मोठी नाही. मीही तुझ्या कविता न वाचता त्यांची स्तुती करायचो. आम्ही झुकणार नाही. वैजू झुकली तरी मी झुकणार नाही.

सूनबाईंना आशीर्वाद, नातवंडांना पापा. कळावे, लोभ आहेच, तो गुडघ्यासारखा आखडू देऊ नकोस.

तुझा,
उकंडराव

ता. क. हे पत्र आज संध्याकाळी नाशिकच्या ट्रॅव्हल्सवर किशन ड्रायव्हरच्या हाती देतो. सोबत ओल्या हरभऱ्याची थैली आहे. म्हणजे उद्या सकाळी दोन्ही तुझ्या हातात पडतील. तज्ज्ञ मत राहू दे. तू उद्याच्या उद्या वैजूला फोन कर आणि सांग की पोरी, तुझं डोकं चांगलं आहे, शुक्रवारच्या आत फॉर्म भर. माझं ऐकत नाही, म्हणते आजा आहे म्हणून बोलतो. तू मास्तर आहेस, तुझं ऐकेल. तुला ऐकू येत नाही हे या कामाला उत्तमच, तिला वाद घालता येणार नाही.

ता. क. दोन. (हे वाचून झाल्यावर पान फाडून टाक.) वर छायांकित प्रत येणार आहे असं लिहिलं ते खोटं आहे. ती शनिवारीच मोबाइलवर आली. वैजू पाहायला तयार नव्हती, म्हणून मी स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे कागदावर काढून घेतली आणि परीक्षकाची अब्रू काढायला लाल पेन घेऊन बसलो. पण लाल पेन त्यानं आधीच वापरलेलं होतं. पाच-पाच मार्कांच्या तीन गणितांत त्यानं शून्य दिलं आहे, तिन्हींत एकाच जागी गोल केला आहे आणि गोलाच्या आत काहीच नाही. मी दोन तास त्या रिकाम्या गोलाकडे पाहत होतो. मग वैजू वावरात असताना माळ्यावर चढलो, पोत्याची सुतळी उसवली आणि पुस्तक काढलं. पुस्तकात त्या जागी एक आडवी रेघ आहे. उणे.

माझी ओळ अशी आहे: “असे मुक्त ऊर्जा, न-फॅ-ई गुणावे.” न म्हणजे इलेक्ट्रॉन किती ते, फॅ म्हणजे फॅरेडेचा आकडा, ई म्हणजे सेलचा व्होल्टेज. बरोबर बारा अक्षरं. ‘उणे’ घातलं की चौदा होतात आणि ओळ लंगडते. हे मला दिवाळीतच दिसलं होतं, गोपीचंद. मी ‘उणे’ लिहिलं होतं आणि मीच खोडलं. वाटलं, एवढं मोठं शास्त्र, त्यात ही एवढीशी रेघ. आता कळलं की उत्तर उणे आलं तरच सेल आपोआप चालतो, त्या रेघेवाचून जगातली एक बॅटरी पेटत नाही. वैजूच्या पेपरात तिन्ही सेल मेलेले निघाले. बाकी तिची आकडेमोड शेवटच्या दशांशापर्यंत चोख आहे, मी कॅल्क्युलेटरवर पाहिली. एकोणीस आणि पंधरा, बेरीज तू कर. पोरगी आपल्या डोक्याला दोष देत वावरात बोटं सोलून घेते आहे, आणि दोष माझ्या कानाचा आहे.

तर फोनवर तिला हेही तूच सांग. मी शनिवारपासून तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा पाणी मागितलं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस नातीपुढे हे कोणत्या तोंडानं सांगणार? चूक मी कबूल करतो, तुझ्यापुढे. पण ओळ निर्दोष आहे, हेही तिला सांग. गुरुजींनी टेबलावर वाजवून पाहिली असती तर एक ठोका चुकला नसता. शास्त्रानं आपलं सूत्र दोन अक्षरं लांब ठेवलं त्याला मी काय करू?

ता. क. तीन. घाईत लिहितो. फाटकापाशी मोटारसायकल थांबली. मला वाटलं किशन लवकर आला, तर धुळीनं पांढरे झालेले बादल सर हेल्मेट काढून दारात उभे आहेत. मी आतल्या खोलीतून खिडकीच्या फटीतून पाहतो आहे. हातात फेरपरीक्षेचा कोरा फॉर्म आहे. नापासांपैकी एकट्या वैजयंतीनं भरला नाही म्हणून वाशीमहून आणून देतो आहे म्हणाले. वैजूही वावरातून आली आहे, विळा हातात धरून त्यांच्या मागे उभी आहे, आणि फॉर्मला हात लावत नाही. सर तिला म्हणाले, “तुले केमिस्ट्री येते. तुले एकच गोष्ट चुकीची पाठ झाली हाये, अन् ती तुह्यी नाही, तुह्या चाचणीच्या मागच्या पानावर कवितेत लिहेल हाये.” मग प्रयागबाईकडे वळून फार अदबीनं विचारलं, “बाई, तुमच्या घरी हे न-फॅ-ई कोण करते?”

प्रयागबाईनं डाळीचं सूप बाजूला ठेवलं. तिनं नुसतं बोट केलं आहे, आणि आता तिघंही या खिडकीकडे पाहत आहेत.