न्हाणीच्या खिडकीतला दगड

डोंबिवली पूर्व,
शुक्रवार

ती. आवडावन्सं यांना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा वाकणं पत्रापुरतंच समजावं.) तुमची साखर आटोक्यात असावी आणि गुडघे तुमचं ऐकत असावेत. इकडे स्वामींच्या कृपेने सगळे ठीक. फक्त घरातला एक दगड हरवला आहे.

दगड आपल्या वर्षालीचा. सूनबाई तेल कंपनीत दगड बघायच्या नोकरीला आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. (मुलगी बघताना आपण स्वयंपाक येतो का विचारलं, घरात दगड किती येतील ते विचारायचं राहिलं.) कळव्याच्या एका शाळेत मुलांना दाखवायला तिने तो ऑफिसातून सही करून आणला. येत्या सोमवारी तो परत ऑफिसातल्या नमुन्यांच्या पेटीत गेला नाही तर लेखी जबाब, आणि समुद्रातल्या तेलविहिरीवर जायची तिची पहिलीच पाळी दुसऱ्याला. या पाळीसाठी पोर केव्हापासून थांबली आहे.

मला आजवर वाटायचं, समुद्राखाली तेलाचा हौद असतो आणि हे लोक पोहरा सोडतात. तसं नाही म्हणे. नदीने वाळू समुद्रात नेऊन टाकली, थरावर थर बसले, दाबून दाबून वाळूचा दगड झाला आणि तेल शिरलं दाण्यादाण्यांमधल्या फटीत, रव्याच्या लाडवात तूप मुरतं तसं. वर चिकणमातीच्या दगडाचं झाकण, म्हणून ते निसटत नाही. कोणती गं नदी, विचारलं तर म्हणाली गोदावरी. आता गोदामाईची वाळू मी देव्हाऱ्यात नाही ठेवणार तर कुठे? शनिवार होता, मारुतीचं तेल हातात होतं, चार थेंब वाहिले. (दगड खरंच तेल धरतो का, हेही बघायचं होतं.) वन्सं, दगड तेल प्यायला! थेंब वर ठरेना. वर्षालीने डोक्याला हात लावला. म्हणाली, “आई, आता साहेबांना काय सांगू, गोदावरीच्या मुखाशी तिळाचं तेल लागलं?” पण हसली. मी विचारलं, आत गेलेलं सगळं बाहेर निघतं का? तर म्हणाली, खालून पाणी सोडून तेल वर ढकलतात, तरी निम्म्याहून जास्त आतच राहतं. एवढा खर्च करून! मी तेलाची पिशवी कात्रीने उघडून आतून कणीक फिरवते. म्हटलं, तुमच्याकडे कणीक फिरवणारं कोणीच नाही का गं?

डाग जावा म्हणून रविवारी सकाळी मी तो दगड शिकेकाईने धुतला आणि न्हाणीच्या खिडकीत वाळत ठेवला. संध्याकाळी खिडकी रिकामी. जयेश मला म्हणतो, “आई, विसर्जन तर नाही ना केलंस?” (पोटचा मुलगा.) मग कामाच्या हौसाबाईला विचारलं. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “वैनी, दगडंच चोरायची तर मी शिळफाट्याच्या खाणीवर नसते गेले? तुमच्या न्हाणीत कशाला?” मीही पलंगाखाली वाकून शोधलं आणि गणपतीला नारळ बोलले. वर्षाली जेवत नाही, नुसतं ताट चिवडते. तिच्याकडे बघवत नाही.

बाकी क्षेम. मोठ्यांना नमस्कार, सान्वीला पापा.

तुमची,
केशर

ता. क. दगड तुमच्या न्हाणीत आहे. रविवारी जेवायला आलात तेव्हा पाय धुताना त्याने टाचा घासल्यात आणि म्हणालात, “अशी वज्री ठाण्यात मिळत नाही गं, नेऊ का?” थोरल्या नणंदेला नाही कसं म्हणायचं? मीच पेपरात गुंडाळून दिला. सोमवारची अट मला संध्याकाळी कळली, आणि तोवर मी शोधायला लागले होते.

ता. क. २. फोन केला नाही, कारण तुमचा फोन स्पीकरवर असतो. हे उद्या हेच पाकीट घेऊन तुमच्याकडे कोलशेतला येतील, दगड फडक्यात बांधून त्यांच्या पिशवीत तळाशी घाला, वर अळूची पानं. विचारलं तर अळू म्हणा. हौसाबाईला दोनदा चहा दिला आहे, खरं काय ते दगड आला की सांगेन.

ता. क. ३. बदल्यात नवी वज्री पाठवत आहे. ती समुद्राखालची नाही, कल्याण स्टेशनबाहेरची आहे. पण ती तुमच्याकडून कोणी परत मागणार नाही.