जावईबापूंच्या दंडाचं माप

ती. विहीणबाईंच्या सेवेशी,

शिंपी व्याह्यांचा लवून नमस्कार. आपली प्रकृती ठीक असेलच. नसली तर हे पत्र बरं वाटल्यावरच वाचावं. गुडघ्यांना तेल लावता ना? आम्ही इकडे सगळे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे, पण आपल्या चिरंजीवांची पाठ धरली आहे आणि ते पालथे पडून आहेत, हे लेकीने फोनवर सांगितलंच असेल. खरी कशामुळे धरली, ते मात्र तिलाही ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र. अक्षर सांभाळून घ्यावं (शाळेत असतानाही असंच यायचं).

झालं असं. जावईबापू जिमहून आले की फडताळातल्या मोठ्या काळ्या डब्यातली पावडर दुधात ढवळून पितात. मी एकदा विचारलं, हे कशासाठी? म्हणाले, "बाबा, व्यायामाने स्नायू शिणतात, ते याने भरून येतात." एवढं बोलून ते आंघोळीला गेले आणि माझ्या डोक्यात किडा सोडून गेले. माझ्या पोटऱ्या जन्मभर पायमशीन मारून शिणलेल्या. त्यांना आजवर कुणी चमचाभरही विचारलं नव्हतं. शीण आधीच अंगात मुरलेला असताना वेगळा व्यायाम कशाला करायचा, असा मी विचार केला आणि दुपारी लेक कामावर असली की एकेक चमचा घ्यायला लागलो. चव बरी होती. (पोटऱ्यांना काही कळलं नाही, पोटाला मात्र लगेच कळलं. त्याचा तपशील विहीणबाईंना लिहिण्याजोगा नाही.)

चमचा चमचा करता डबा निम्म्यावर आला. मुलीच्या घरी राहणाऱ्या बापाने चोरी करावी, आणि तीही खाण्याची! घाबरून मी त्यात तांदळाची पिठी आणि पिठीसाखर कालवली आणि डबा होता तिथवर भरला. बापू पिऊन म्हणाले, "कंपनीने चव सुधारलेली दिसते." मी नुसती मान हलवली. (तोंडाने खोटं बोललो नाही, एवढं ध्यानात घ्यावं.)

इथवर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण बापू दर रविवारी मला त्यांच्या दंडाचं माप घ्यायला लावतात. शिंप्याची टेप म्हणजे कोर्टाचा निकाल, असा त्यांचा विश्वास. पिठीवर दंड कुठून वाढणार? टेप जागची हलेना. त्यांचा पडलेला चेहरा मला बघवेना, तेव्हा मी आमच्या धंद्यातली रीत वापरली: सदऱ्याला ठेवतो तशी थोडी सैल ठेवली. बापू नाचलेच. पुढच्या रविवारी आणखी सैल. लेक म्हणाली, "बाबा, यांच्या शर्टाच्या बाह्या तर तशाच बसताहेत की!" मी म्हटलं, "कापड ताणतं गं." त्या मापाच्या भरवशावर बापूंनी जिमच्या स्पर्धेत नाव दिलं, आणि तिथले मास्तर नको नको म्हणत असताना असलं वजन उचललं की वजन खाली आलं आणि बापू वाकलेलेच राहिले.

आता लेक त्यांना सकाळ-संध्याकाळ तीच पावडर पाजते, पाठ लवकर भरून यावी म्हणून. मी पायाशी बसून पाय चेपतो. जन्मभर परक्यांची मापं खरी घेतली. घरच्या माणसाचंच खोटं घेतलं.

आपला अपराधी,
व्याही

ता.क. पत्राचं मूळ काम राहिलंच. तुम्ही शुश्रूषेला येणार असं कळतं. येताना त्याच पावडरीचा नवा डबा आणावा (नाव कळावं म्हणून जुन्या डब्याचा कागद सोलून सोबत जोडला आहे) आणि जिन्यातच माझ्या हाती द्यावा. चिरंजीवांना काही सांगू नये.

ता.क. दुसरा. डबा आणू नये. आत्ताच बापूंनी हाक मारली. म्हणाले, "बाबा, माझे पाय चेपून तुमचे हात भरून येतात. तुम्हीही माझ्यातली पावडर घेत चला. लाजता काय? घर तुमचंच आहे." लेकीने पेला आणून दिला. दोघंही बघत होते, सगळा प्यावा लागला. आता मीच त्यांना सगळं सांगणार आहे, पण तुम्ही खोलीत असताना. आईसमोर ते आवाज चढवत नाहीत, असं लेक म्हणते. तेव्हा तुमच्या गुडघ्यांचं पुढे बघू. मिळेल त्या गाडीने या.