अब्बांची डिजिटल डायरी

प्रिय अतीक,

तू आणून दिलेल्या त्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवरच हे लिहितेय. बटणं बारीक आहेत, पण दोन अंगठ्यांनी जमतं. उर्दू तुला वाचता येत नाही आणि मी मराठी शाळेतली, म्हणून मराठीत. फोनच केला असता, पण तू कामावरून सुटतोस तेव्हा अब्बा पलीकडच्या खोलीत असतात.

ईदला ते तुला काय बोलले, मी ऐकलं. "हे खेळणं ठेव तुझ्याजवळ. माझी डिजिटल डायरी एक बटण दाबलं की नंबर देते. तुझा डबा आधी जागा होणार, मग पासवर्ड मागणार, तोवर गिऱ्हाईक दुसऱ्याकडून माल घेतं." तू नुसतं "ठीक आहे" म्हणालास. तेव्हापासून तुझा फोन फक्त माझ्या नंबरवर येतो.

त्यांचं सगळंच खोटं नव्हतं. चादरी पोचवताना टेम्पोत उन्हात त्याचा पडदा दिसत नाही, चार्जिंग संध्याकाळपर्यंत पुरत नाही. डायरी बिचारी एका बटणसेलवर वर्षभर चालते. पण तुझ्या मशीनवर मी सगळी गिऱ्हाइकं मराठीत घातली, चादरींच्या नमुन्यांचे फोटो घातले, करमाळ्याच्या दुकानदाराला घरात बसून बिल पाठवलं. डायरीला यातलं काही जमलं नसतं. मी अब्बांना तसं सांगितलंही. म्हणाले, "मग तूच वापर की."

एका दुपारी मी शेजारी गेले होते, ती मागच्या दारानं परत आले. अब्बा तेच मशीन मांडीवर घेऊन बसले होते. गिऱ्हाइकांच्या यादीत शिवप्पाच्या नावावर बोट न्यायचे आणि सिद्धलिंगप्पाचं नाव उघडायचं. बंद करायचे, पुन्हा न्यायचे. उजवा हात थरथरत होता. डाव्या हातानं त्यांनी उजवं मनगट घट्ट धरलं, तरी बोट थांबेना. मी तशीच बाहेर गेले आणि चपला वाजवत पुढच्या दारानं आत आले. तोवर मशीन कपाटात गेलं होतं.

डायरीची बटणं रबराची, वर उठलेली. मनगट कडेला टेकवून दाबता येतात. मग एकेक लक्षात यायला लागलं. चहा बशीत ओतणं कधीचंच सुटलंय. शर्ट सोडून बिनगुंड्यांचे कुर्ते घालतात. अक्कलकोटला लॉज चालवणाऱ्या गौरम्मा वर्षानुवर्षं आपल्याच चादरी घेतात, त्यांचा मला फोन आला. "भाभी, इलाहीभाईंचा हात लई थरथरतोय की. विचारलं तर थंडी म्हणाले." मे महिन्यात, अतीक! अक्कलकोटला!

त्या संध्याकाळी मी सरळ विचारलं. आधी चिडले. मग म्हणाले, "सायरा, मशीन चांगलंय. पण बोट ऐकत नाही, हे पोराला कसं सांगू?" मी म्हटलं, मशीनचं राहू दे, त्याच हातानं टेम्पो चालवताय, रस्त्यावर लोकांची पोरं असतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपण होऊन टेम्पोची किल्ली आपल्या जुन्या गड्याच्या, ईरप्पाच्या हातात दिली. आता शेजारी बसून त्याला रस्ता सांगतात. ईरप्पाचा जन्म मोडनिंबच्या फेऱ्या मारण्यात गेलाय, तरी तो बिचारा "व्हय मालक, व्हय मालक" करत ऐकून घेतो.

आता लिहायचं कारण सांगते. मेंदूच्या डॉक्टरांकडे चला म्हणून मी मागे लागले, तर रोज नवीन सबब. परवा मात्र तोंडातून निघून गेलं, "अतीक आला तर बघू." त्यांच्या स्वभावात हे बोलावणंच समज. मी पुढच्या शनिवारचा नंबर लावलाय. बेटा, त्यांनी तुझी वस्तू नाकारली नव्हती, तुझ्यापासून हात लपवला होता. तू ये. मी लिहिलंय हे सांगू नकोस, सुट्टी मिळाली म्हण. पण आधी फोन कर, आणि माझ्या नाही, त्यांच्या नंबरवर कर. उचलायला त्यांना जरा वेळ लागेल. तेवढं वाजू दे.

तुझीच,
अम्मी