गौर नळावरनं आली

आई, तुला जाऊन लई वर्षं झाली, तरी तुझ्याशी बोलायचं राहून गेलंय. चौथीपर्यंतची शाळा माझी, अक्षर वाकडं येणार. चालवून घे.

मी घर सोडलं. तुझ्या जावयाचं. मारत नाही बिचारा, असं तू सगळ्यांना सांगत फिरायचीस. मारत नव्हता, खरं सणाला मी कुठलं लुगडं नेसायचं ते तो ठरवायचा, पोळीत गूळ किती ते तो ठरवायचा, मी किती मोठ्यानं हसायचं तेबी तोच. गौरीच्या झिम्म्यातनं एकदा मनगटाला धरून सगळ्या बायकांसमोर मला घरात नेलं. पुढच्या वर्षी बायकांनी बोलावलंच नाही. त्याच गौरीत मी पिशवी घेऊन तुझ्याकडं आले. तू चुलीपुढं शेपूची भाजी परतत होतीस. सगळं ऐकून घेतलंस, ताटात भाकरी वाढलीस आणि म्हणालीस, "गौरबी तीन दिवसांच्या वर माहेरात ऱ्हात न्हाई. जेव आणि जा." जेवले. गेले. तेव्हापासून सण मला नकोसाच झाला.

आता कसबा बावड्यात खोली घेतलीय. एका मेसमध्ये भाकऱ्या थापते. घर सोडल्यावरबी सणाला मुद्दाम जादा काम मागून घ्यायची, घरात बसायलाच नको. औंदा शेजारची वैनी भांडायलाच उठली. "गौर आण." मी म्हटलं, "नवऱ्याला सोडलेल्या बाईनं आणलेली चालती व्हय?" तर म्हणते, "ती काय तुझा नवरा इचारत बसती? गप तेरडा आण जा."

तेरडा आणला. चाळीच्या नळावर मुळं धुतली, तांब्यात खोवला आणि निघाले. मी उंबऱ्याबाहेर उभी आहे, वैनी माझ्याच खोलीत उभी राहून आतनं विचारते, "गौर आली, कशाच्या पावलांनी आली?" बाहेरच्या बाईनं सोन्याच्या पावलांनी म्हणायचं असतं. मला काय ठाऊक नाही? तिकडं नणंद गौर आणायची, मी चुलीपुढनं दरसाल ऐकलंय. पण तोंडातनं येईना. वाटलं, खोटं बोलले तर ही माझ्या घरात पाऊल टाकायची नाही. वैनी ओरडली, "बोल की गं बये, गौर ताटकळली!" मी म्हटलं, "चालत आली. नळावरनं." आतनं वैनी फिस्सकन हसली, मग तिची सून, मग मी. तांब्यातलं पाणी हिंदकळून लुगडं भिजलं. तशीच आत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात झिम्मा धरला. या वयात पाय उचलत नाहीत, तरी फुगडी घातली, पडले, परत घातली. सवयीनं दोनदा दाराकडं बघितलं. दार उघडं होतं. आत गौर तेवढी बसलेली.

तुझा राग आहे मला. तो गेलेला नाही. तुझ्या हातात तरी काय होतं, असं बायका म्हणतात. दार होतं की.

हे कुणाला दाखवायचं नाही, पिठाच्या डब्याखाली राहील. सणाला तुझी लई आठवण आली असं लिहायला बसले होते. पण ते खरं नाही. गौर घरात होती तोवर तू मला एकदाबी आठवली नाहीस.