भिंतीवर लावायचा फोटो

कारधा, जि. भंडारा
१८ जानेवारी २०२६

चि. प्रतिक्षा,
सप्रेम जयभीम.

चीनमधल्या चेंगडूहून तू पाठवलेली छायाचित्रे तुझ्या भावाने, अनुपने, भंडाऱ्याहून मोठ्या आकारात छापून आणली. येथे थंडी बेताची आहे. सकाळी वैनगंगेवर धुके असते. घरची खुशाली तुला फोनवर कळतेच, म्हणून थेट विषयाकडे येतो.

प्रदर्शनासाठी तू माझ्याकडे प्रस्तावना मागितलीस आणि ‘जुने आणि नवे’ हे शीर्षक सुचवलेस. ते मला मान्य नाही. दोन गोष्टींत विरोध दाखवायचा, तर एक असताना दुसरी असू शकत नाही, हे आधी सिद्ध करावे लागते. पहिल्या चित्रात खांद्यावर कावड घेऊन भाजी विकणाऱ्या म्हाताऱ्याच्या टोपलीला पैसे घेण्याचा क्यूआर कोड लटकतो आहे. त्याखाली तू ‘दोन शतके’ असे लिहिलेस. आपल्या पुलाजवळ मासळी विकणारी ताराबाई परवा मला म्हणाली, “गुरुजी, चिल्लर कायले चाचपून राहिले? मारा ना स्कॅन!” तिची मासळी ताजी आहे की नाही, हे गिऱ्हाईक पाहते. तिच्यात किती शतके आहेत, हे कोणी पाहत नाही.

दुसरे चित्र काचेच्या उंच इमारतीसमोर रेशमी झगे घालून उभ्या असलेल्या मुलींचे. झगे भाड्याचे आणि नुकतेच शिवलेले, असे तूच कळवतेस. म्हणजे त्या चित्रातील सर्वांत जुनी वस्तू ती इमारत ठरते. हे तुझ्या नजरेतून सुटले, याचे मला आश्चर्य वाटले.

तिसऱ्या चित्राविषयी लिहायला मी विलंब केला.

गल्लीत झाडाखाली पांढरे कापड ताणले आहे. त्यापुढे स्टुलावर एक वृद्धा बसली आहे, नातू तिची कॉलर नीट करतो आहे आणि मागच्या डिजिटल फलकावर मोबाइलची जाहिरात झळकते आहे. आपल्या पश्चात घरच्यांनी लावावा असा फोटो तिकडची वृद्ध माणसे धडधाकट असतानाच काढून ठेवतात, अशी तुझी टीप आहे. विरोधाचा नमुना म्हणून हे चित्र तिन्हींत सर्वांत दुबळे आहे. तरीही ते आता माझ्याजवळ नाही. तुझ्या मोठ्या आईने ते मागून घेतले आणि उशाशी ठेवले आहे.

“हे बुढी कायले हासून राहिली?” तिने विचारले. मी तुझी टीप वाचून दाखवली.

“मंग बराबर हाय. मेल्यावर कोन हासवते?”

थोड्या वेळाने म्हणाली, “माया फोटो कोनता लावान तुमी? आधारवरचा? त्यात तं मी चोट्टीवानी दिसून राहिली.”

असे अभद्र बोलू नये, असे शेजारच्या रत्नमालाबाईंनी तिला बजावले. ती त्यांना म्हणाली, “बाई, मी गेल्यावर पुण्यानुमोदनाले तुमीच येसान जेवाले. तवा फोटो पाहून नाक नोका मुरडजा.”

मी भंडाऱ्याहून छायाचित्रकार बोलावला. त्याने तिला ताठ बसवले आणि हसू नका म्हणून सांगितले. संगणकावर सुरकुत्या पुसल्या, रंग उजळवला आणि मागे कमळांचे तळे घातले. तिने तो फोटो खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. “ही कोनाची व्याहीन धरून आनली?” एवढे बोलून तिने तो परत केला. नंतर भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “प्रतिक्षानं काढला तं काढला. नाई तं राहू द्या, रिकामी भित बरी.”

एव्हाना तुझ्या ध्यानात आले असेल की ती खाटेवरून बोलते आहे. घरचा भात गेल्या पावसाळ्यापासून मी शिजवतो. ती पेजेवर आहे. यकृतातील गाठ शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेली आहे, असे नागपूरच्या डॉक्टरांनी दिवाळीपूर्वीच सांगितले. फोनवर तिचा आवाज खणखणीत येतो, कारण तुझा फोन येण्याआधी ती तासभर कोणाशी बोलत नाही.

तुला कळवायचे नाही, असा तिचा सक्त हुकूम आहे. “पोरगी शिकून राहिली. तिच्या पायात पाय नोका टाकजा.” मी तिच्यापुढे दोन विधाने ठेवली: फोटो प्रतिक्षानेच काढावा, आणि प्रतिक्षाला कळवू नये. दोन्ही एकत्र टिकत नाहीत. एक सोडावे लागेल. ती म्हणाली, “तुमचं तर्कशास्त्र तुमच्या कालेजात ठेवा.” परंतु कोणते सोडू, हे तिने सांगितले नाही. तो निर्णय मी केला आहे.

तुझे प्रदर्शन तोंडावर आहे, हे मी जाणतो. असे प्रदर्शन पुन्हा भरवता येईल, असे मी म्हणणार नाही, कारण ते मला सिद्ध करता येत नाही. तुझी आई गेल्यावर तू हिच्या हातचे खाऊन वाढलीस, हेही कारण म्हणून पुढे करत नाही. ते पुढे केले, तर तुला नाही म्हणायला जागा उरणार नाही. आणि ती जागा तुला असावी.

यातून युक्तिवाद उभा राहत नाही, हे मला दिसते. तरी लिहितो: कॅमेरा घेऊन ये.

सकाळी ओसरीवर ऊन येते, तेव्हा ती आधाराने उठून बसते. पेज अर्धी वाटी जाते. हातातल्या बांगड्या आता मनगटावर थांबत नाहीत, म्हणून तिने त्या काढून ठेवल्या आहेत. जे आहे ते असेच दिसू दे, पुसू नकोस.

मी कळवले, हे तिच्यापासून लपवू नकोस. तुला दारात पाहिल्यावर ती आधी माझ्यावर रागावेल. रागावू दे. तेवढे बळ तिच्या अंगात आहे, तोवर पोहोच.

तुझे मोठे बाबा,
डोमा